भंगारात घालण्याआधी स्पीकर एकदा उलटा करून बघा

मामांचं गोडाऊन रिकामं करायचं दिवाळीतच ठरलं होतं. कराडजवळच्या गावात त्यांची चाळीस वर्षं साऊंड सर्व्हिस होती, लग्नं, जत्रा, गणपती, भजनी मंडळं, प्रचारसभा, सगळं केलं त्यांनी. आता गुडघे साथ देत नाहीत आणि मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून जागा भाड्याने द्यायची ठरली. मी पोचलो तेव्हा भंगारवाला काटा घेऊन आलेला होता आणि मशीनं, भोंगे, उघडे स्पीकर, वायरची भेंडोळी असं सगळं तीन ढिगांत लावून झालं होतं, तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं आणि बाकी लोखंड. स्पीकर सगळे लोखंडाच्या ढिगात. सगळ्याचे मिळून ४,२०० रुपये तो देत होता आणि मामा हो म्हणायच्या बेतात होते.

मी म्हटलं, मामा, फक्त स्पीकर मला दोन दिवस द्या, वायरी न्या म्हणावं. ते म्हणाले, "अरे, त्यात काय राहिलंय आता, उंदरांनी खाल्लेत." काही खरंच खाल्लेले होते. पण त्या लोखंडाच्या ढिगातून जे निघालं त्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं, कारण असे ढीग आत्ता महाराष्ट्रात गावोगाव लागतायत. त्या काळातले लाऊडस्पीकरवाले थकलेत, टॉकीज बंद पडल्यात, आजोबांचे रेडिओग्राम पोटमाळ्यावरून खाली येतायत आणि काय आहे ते न बघताच किलोवर जातायत. विकू नका असं माझं म्हणणं नाही. विका, द्या, पण काय देतोय ते आधी कळू दे.

सगळ्यात पहिलं, स्पीकर उलटा करा. पुढून सगळे सारखेच दिसतात, काळ्या कागदाचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, आणि मधे टोपी. ओळख मागे असते. मागचं मॅग्नेट चपट्या काळ्या चकतीसारखं असेल तर ते फेराइट. उंच, बारीक, डब्यासारखं किंवा घंटेसारखं असेल आणि त्यावर लोखंडी टोपण असेल तर बहुतेक वेळा आत अल्निको असतं. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू, त्याची सुरुवात १९३१ साली जपानमध्ये मिशिमा यांच्या शोधातून झाली. साधी परीक्षा म्हणजे स्क्रू ड्रायव्हर मागून जवळ न्यायचा. फेराइट तो लांबूनच ओढून घेतं. अल्निकोच्या बंद डब्याला तो नुसता हलकासा चिकटतो किंवा चिकटतच नाही, आणि मग लोकांना वाटतं मॅग्नेट मेलंय. मेलेलं नसतं, त्याची सगळी ताकद आत, कोनला जोडलेल्या तारेच्या कॉइलच्या फटीत असते, बाहेर सांडत नाही एवढंच.

याचा काळाशीही संबंध आहे. कोबाल्ट मोठ्या प्रमाणावर त्या वेळच्या झैरेमधून, म्हणजे आजच्या काँगोमधून यायचं. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव कडाडले. फेराइट स्वस्त म्हणून आधीपासूनच वापरात होतं, त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीही अल्निको सोडलं. त्यामुळे अल्निको दिसलं की साधारण १९८० च्या आधीचा माल असं धरून पुढे तपासायला लागायचं. तेवढ्यावरून किंमत ठरवू नका, साध्या रेडिओतल्या चार इंची स्पीकरलाही अल्निको असायचं.

आणि इथे हात जोडून एक सांगतो. अल्निकोचं मॅग्नेट साफ करायला म्हणून मागचे बोल्ट कधीही उघडू नका. ते डब्यातून सुटं झालं की त्याचं चुंबकत्व उतरतं आणि परत बसवलं तरी पहिल्यासारखं येत नाही, ते नव्याने चार्जच करावं लागतं. मामांच्या ढिगात एक दहा इंची असा उघडून परत आवळलेला निघाला. दाबला तर कोन छान हलतो, वाजवला तर आवाज नुसता लांबून येतो. कुणीतरी चांगल्या हेतूनेच केलं असणार ते, पण स्पीकर गेला.

मग नंबर शोधायचे. फ्रेमच्या कडेला, मॅग्नेटच्या टोपणावर, कधी कोनच्या मागे शाईने मारलेले असतात. ओला फडका, पॉलिशपेपर, थिनर असलं काही लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा, मग पुसट शिक्काही उठून दिसतो. सापडेल तसा फोटो काढून ठेवायचा.

अमेरिकन स्पीकर वाचायला सोपे असतात. तिथे कारखान्याला एक आकडा दिलेला असायचा, जेन्सनचा २२०, सीटीएसचा १३७, ऑक्सफर्डचा ४६५, रोलाचा २८५, युटाचा ३२८, एमिनन्सचा ६७. त्यानंतर वर्षाचा एक किंवा दोन आकडे आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. मामांकडे १६ एमएमचा जुना बेल अँड हॉवेल फिल्मोसाउंड प्रोजेक्टर होता, गावोगाव प्रचाराचे सिनेमे दाखवायचे ना, त्यातला, सरकारी लिलावात घेतलेला. प्रोजेक्टर केव्हाच खराब झाला पण त्याची स्पीकरची पेटी शाबूत, आणि आत बारा इंची जेन्सन. शिक्का २२०७१४. म्हणजे जेन्सन, वर्षाचा शेवटचा आकडा ७, चौदावा आठवडा. आता हा ७ कुठला, ४७ चा, ५७ चा की ६७ चा? टोपणावरच्या कागदावर पत्ता होता, शिकागो ३८. शहराच्या नावापुढे असा दोन आकडी झोन लिहायची पद्धत अमेरिकेत १९४३ ला सुरू झाली आणि १९६३ ला झिप कोड आल्यावर ती मागे पडली, त्यामुळे ६७ बहुतेक बाद. पेटीवर कार्यालयाची पितळी पट्टी होती, तिच्यावर १९५८. मग १९५७ धरायला हरकत नाही. हे जुळलं तेव्हा मी गोडाऊनच्या पायरीवर बसलो होतो आणि मामींनी दोनदा चहा गरम केला होता.

इंग्लंडच्या सेलेशनची तऱ्हा वेगळी. कराडच्या एका ऑर्केस्ट्राने गिटारचा ॲम्प्लिफायर मोडीत काढला तेव्हा मामांनी त्यातला बारा इंची काढून घेतला होता आणि बरीच वर्षं तो भजनाच्या पेटीत वाजत होता. मागे हिरवं प्लास्टिकचं टोपण, तेच ज्याला गिटारवाले ग्रीनबॅक म्हणतात, आणि कागदावर मॉडेल नंबर टी १२२१. हा फेराइटचा आहे, अल्निको नाही, तरी त्याला मागणी आहे, म्हणूनच म्हटलं नुसत्या मॅग्नेटवरून ठरवू नका. त्यावरची तारीख म्हणजे दिवसाचा आकडा आणि दोन अक्षरं, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. इंग्रजी आय हे अक्षर वापरत नाहीत म्हणून सप्टेंबर जे वर येतो. वर्षाचा ए म्हणजे १९६८, तिथून मोजायचं. आमच्यावर होतं जेएफ, म्हणजे सप्टेंबर १९७३. पत्ता टेम्स डिटनचा असेल तर जुना, इप्सविचचा असेल तर त्यानंतरचा.

आता फिलिप्सची गोष्ट, ही मला सगळ्यात जवळची. ढिगात तळाला एकसारखे दिसणारे तीन फिलिप्स होते, आठ इंचाच्या थोडे वर, मोठ्या कोनच्या मधे अजून एक छोटा कोन. नंबर ९७१०. हे हॉलंडचं फुल रेंज युनिट, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकटंच वाजवणारं, अल्निकोचं, वेगळा ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचा स्पीकर, न लावता वाजतं आणि माणसाचा आवाज असा समोर उभा करतं की लोक अजून त्याच्यासाठी पेट्या बनवतात. तीनपैकी एकावर मामांच्या मेकॅनिकने खडूने मोठी फुली मारलेली, जळका म्हणून. मी मल्टिमीटर लावला तर खरंच रीडिंग शेकड्यात, आठ ओहमच्या स्पीकरला सहा-सात यायला पाहिजे तिथे सातशेच्या आसपास. कुणीही म्हणेल कॉइल गेली. पण कॉइल तुटली की मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं असतं. स्थिर सातशे दाखवतोय म्हणजे तार सलग आहे. मग परत टोपण बघितलं, बाकी दोघांवर ९७१० एम आणि ह्याच्यावर ९७१० एएम.

एएम म्हणजे ८०० ओहमचा. त्या काळात फिलिप्सने काही वाल्व्हच्या रेडिओंमधून वाल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला होता, ईएल ८६ च्या दोन वाल्व्हना स्पीकर थेट जोडायचा म्हणून कॉइल केसासारख्या बारीक तारेची आणि ८०० ओहमची. तो रेडिओ नीट करणाऱ्याला हाच स्पीकर लागतो, दुसरा चालत नाही. आणि आमच्याकडे तो पंचवीस वर्षं फुली मारून पडलेला. मामांना सांगितलं तर त्यांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि खिशातल्या रुमालाने ती फुली पुसली. काही बोलले नाहीत.

फिलिप्सचे नंतरचे नंबर तर स्वतःच सगळं सांगतात. एडी पुढे इंचांचा आकडा, तिरप्या रेघेनंतर डब्ल्यू म्हणजे वूफर, खालच्या पट्टीचा, एसक्यू म्हणजे मधल्या पट्टीचा, टी म्हणजे ट्विटर, एम म्हणजे फुल रेंज, आणि शेवटी ओहम. एडी ५०६०/एसक्यू ८ म्हणजे पाच इंची, मधल्या पट्टीचा, आठ ओहम.

ओहमबद्दल थोडं अजून. मीटर जे दाखवतो ते नावाच्या आकड्यापेक्षा कमीच असतं, चारच्याला सव्वातीन-साडेतीन, आठच्याला साडेपाच ते सात, सोळाच्याला अकरा ते तेरा. जुन्या ब्रिटिश मालावर १५ ओहम लिहिलेलं असेल तर ती चूक नाही, त्यांची पद्धतच होती. आणि खूप जुन्या रेडिओच्या स्पीकरला दोनऐवजी चार वायरी असतील तर दोन कापून फेकू नका. त्यात कायमचं मॅग्नेट नसतंच, मोठी कॉइल असते, तिला वीज दिली की ती चुंबक होते. फील्ड कॉइल म्हणतात त्याला. वीज न देता वाजवला तर मेल्यासारखाच वाटणार तो.

वाजवून बघायच्या आधी हाताने बघा. दोन्ही हातांची बोटं कोनवर मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवायची आणि अगदी हलके आत दाबायचं, कान जवळ. काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासतेय, फ्रेम वाकलीय किंवा पडल्यामुळे मॅग्नेट सरकलंय. फेराइटची चकती नुसत्या डिंकाने बसवलेली असते, त्यामुळे तिचं हे जास्त होतं. मग दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावायचा. कोन बाहेर आला तर सेलची धन बाजू जिथे लावली ते धन टोक, खूण करून ठेवायची. जुन्या जेबीएलमध्ये मात्र हे उलटं असतं, लाल टोकाला धन लावला की कोन आत जातो. ते माहीत नसल्यामुळे चांगला स्पीकर उलटा जोडलाय म्हणून लोक तारा बदलून ठेवतात. यानंतरच छोट्या ॲम्प्लिफायरवर बारीक आवाजात वाजवायचा, एखादं जुनं नाट्यगीत किंवा नुसता बातम्यांचा आवाज पुरतो. बासचं गाणं लावून धडधड बघायची नाही, पन्नास-साठ वर्षांचा कागद आहे तो.

कोन मूळचा आहे का, यावर अर्धी किंमत असते. आपल्याकडे रिकोन करणारे, म्हणजे जुना कोन काढून नवा बसवणारे, चांगले हात होते आणि आहेत, मामांचे कित्येक स्पीकर त्यांच्यामुळे चालू राहिले, जत्रेला रात्री नऊला भोंगा बंद पडून कसं चालेल. पण रिकोन केलेला स्पीकर मूळ म्हणून विकायचा नाही. डिंकाचे ओघळ, जाळीच्या कडेला नवीन गास्केट, मागे मूळ शिक्का नसलेला कोरा कागद, यावरून समोरच्याला कळतंच, आणि नाही कळलं तरी सांगायचं. उलट मूळ कोन थोडा फाटला असेल तर तो बदलू नका. पातळ टिश्यू पेपर आणि पातळ केलेला पांढरा गोंद, मागच्या बाजूने, बस्स. फाटका मूळ कोन नव्या कोनपेक्षा जास्त किमतीचा असू शकतो, हे मी एका गृहस्थांकडे स्पीकर तपासायला दिला आणि तो "एकदम नवा करून" परत आला तेव्हा शिकलो. मूळ कोन मागितला तर तो फेकून दिला होता. खूप वाईट वाटलं, अजून वाटतं.

फोमच्या कडांचं मात्र वेगळं. साधारण सत्तरच्या दशकापासून वूफरना फोमची कडा आली आणि ती आपल्या हवेत, कोकणात मुंबईत तर फारच, पंधरा-वीस वर्षांत भुगा होते. बोट लावलं की काळी पूड पडते. यात स्पीकर मेला असं नसतं, कडा नवीन बसते, फक्त तोपर्यंत वाजवायचा नाही कारण कॉइल तिरकी होऊन घासते. टॅनॉय या ब्रिटिश कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचे मॉनिटर सिल्व्हर, रेड, गोल्ड यांच्या कडा घडीच्या टिकाऊ, म्हणून पन्नास-साठ वर्षांनीही चालतात, आणि १९७४ ला आलेल्या त्यांच्या एचपीडी मॉडेलला फोम, तो आता बदलावाच लागतो. कुणाच्या घरी जुन्या रेडिओग्राममध्ये लाल किंवा सोनेरी टोपणाचा, मधोमध हॉर्नचं तोंड असलेला टॅनॉय दिसला तर कृपा करून हात लावू नका, आधी जाणकाराला फोटो पाठवा. तसंच बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागे वेस्टर्न इलेक्ट्रिक, आरसीए, अल्टेक असं नाव दिसलं तर. जपान आणि कोरियातले लोक कित्येक वर्षांपासून जगभरातल्या थिएटरांतून हा माल गोळा करतायत, सोलमध्ये तर २०२४ ला ऑडियम नावाचं संग्रहालयच उघडलं आणि तिथे हे जुने हॉर्न लोक रांगेने बसून ऐकतात. आपल्याकडे ते काट्यावर चढतात.

भोंग्यांकडे येतो. मामांकडे अकरा होते. आहुजाची युनिट बहुतेक, त्यांना जुनी वस्तू म्हणून फारशी किंमत नाही पण कामाची किंमत आहे. डायफ्राम बदलला की परत वाजतात, सुटे भागही मिळतात. ती गावातल्याच एका नवीन मंडपवाल्याला दिली. एका भोंग्यावर मात्र उठावात शिकागो रेडिओ असं नाव होतं. शिकागो रेडिओ म्हणजे मोटवानी कुटुंबाची मुंबईची कंपनी, स्वातंत्र्याच्या काळात काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर त्यांचे असायचे, गांधीजींच्या आणि नेहरूंच्या कितीतरी फोटोंत समोरच्या माईकवर हे नाव दिसतं. आत युनिट नव्हतं, कडेला मोठा पोचा. वाजायच्या दृष्टीने शून्य. पण त्याला रंग न लावता, पोचा न काढता तसाच ठेवायचा असं मी मामांना सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं, कारण तो त्यांनाही त्यांच्या उस्तादांकडून मिळालेला.

किंमत कशी ठरवली ते सांगतो. ऑनलाइन मागितलेले भाव बघू नका, कुणीही काहीही मागतो. विकले गेलेले भाव बघा, ते वेगळे दाखवता येतात. तेही परदेशातले असतील तर वजन, वाहतूक, कस्टम यांचा फरक असतो, तो आकडा उचलून इथे लावला तर कुणी घेणार नाही. जोडी असेल आणि तारखा जवळच्या असतील तर दोन सुट्यांपेक्षा जोडीला जास्त मिळतं, म्हणून जोडी फोडू नका. आणि दोष आधी लिहा, फोटोसकट. दोन ९७१० एमची जोडी १४,००० ला गेली, पुण्याच्या एका मुलाला, त्याने घेण्याआधी दोन तास बसून ऐकली. सेलेशनला कोनवर बोटभर चीर होती, तशीच ठेवून ९,००० आले. जास्त मिळाले असते असं एकाने नंतर सांगितलं. असतील. पण तो ज्या मुलीने घेतला ती कोल्हापुरात गिटार वाजवते, तिला तो वाजवायचाच होता, कपाटात ठेवायचा नव्हता, आणि मामांना हे सगळ्यात आवडलं. ८०० ओहमवाला मी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आजोबांना नुसत्या पार्सलच्या खर्चावर दिला, ते तीन वर्षं शोधत होते.

पाठवताना स्पीकर खोक्यात आडवा ठेवायचा, कोनवर पुठ्ठ्याची गोल चकती, ती कोनला न टेकता फ्रेमच्या कडेवर बसली पाहिजे, आणि चारही भोकांतून आरपार बांधायची. मॅग्नेट जड असतं, खोकं पडलं की ते फ्रेम वाकवतं, म्हणून मॅग्नेटच्या भोवती थर्माकोल घट्ट. दोन स्पीकर एकमेकांना चिकटून कधीच नाही.

जेन्सन राहिलाय. पेटीसकट मामांच्या पुढच्या खोलीत आहे, टीव्हीच्या बाजूला. त्यांच्या जुन्या वहीत, कुठला माल कधी कितीला घेतला ते सगळं लिहिलंय त्यांनी, प्रत्येक खोक्यात मी त्या त्या पानाची झेरॉक्स घातली. जेन्सनच्या पानाची काढायला गेलो तर मामा म्हणाले, त्याची नको काढूस, तो कुठे जात नाही.